मुतारीचं पहिलं पान

माझ्या नावावर एकही पुस्तक नाही, पण पहिली पानं मात्र मी आयुष्यभर लिहीत आले. कुणाला कुणाकडून निधी मागायचा असला की प्रस्ताव करावा लागतो. बचत गटाला शेळ्या हव्या असतात, शाळेला बाकं हवी असतात, तालमीला माती सोडून बाकी सगळं हवं असतं. आतली तीस-चाळीस पानं जो तो आपल्या पुतण्याकडून नाहीतर गावातल्या एखाद्या गुरुजींकडून लिहून घेतो. वरचं पान करायला मात्र माझ्याकडे येतो, कारण आतलं कोण वाचतंय, असं प्रत्येकाला वाटतं. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगते, बरोबरच वाटतं.

माझं दुकान जामखेड तालुक्यात, खर्ड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बाजाराच्या गावात आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ह्या लेखात ज्यांची थोडी फजिती होणार आहे ते अजून माझ्याकडेच झेरॉक्स काढतात. पाटीवर ‘टायपिंग, झेरॉक्स, प्रस्ताव’ एवढंच आहे आणि लोक मला टायपिंगवाल्या मॅडम म्हणतात. खरं नाव रत्नमाला, पण ते आधार कार्डावर आहे आणि नवरा चिडला की त्याच्या तोंडात. दुकानासमोर आठवडी बाजाराचं मैदान आणि दुकानाच्या मागच्या दाराला लागून माझं घर. हे मागचं दार लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरून मला स्वतःची लाज वाटणार आहे.

धंदा शिकले पारनेरला. तिथे पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी टायपिस्ट होते. निधी देणाऱ्यांकडचे एक साहेब पाहणीला यायचे. एकदा ते बांध बघून दमले आणि ऑफिसात चहा पीत बसले, तेव्हा मी धीर करून विचारलं, ‘‘साहेब, आम्ही एवढं टाइप करतो, तुम्ही ते वाचता का?’’

साहेबांनी कप खाली ठेवला. ‘‘खरं सांगू का बाई? मी फाईल उजव्या हाताने उचलतो आणि डाव्या बाजूला ठेवतो. त्या मधल्या वेळात मला जेवढं कळतं, तेवढा तुमचा प्रस्ताव.’’

सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला ते अगदी पटलं. त्या दिवसापासून मी पहिलं पान त्या मधल्या वेळासाठी लिहिते.

ह्या पानात काही मोठी कला नाही. कोण मागतंय, काय मागतंय, कुठल्या गावात, कुणासाठी, किती, आणि शंका आली तर फोन कुणाला करायचा, एवढं त्यावर हवं. फोन नंबर उचलणाऱ्या माणसाचा हवा. आमच्याकडे अध्यक्षांचा नंबर द्यायची पद्धत आहे आणि अध्यक्ष अनोळखी नंबर उचलत नाहीत, कारण तो वर्गणीवाल्याचा असू शकतो. अक्षर मोठं हवं, निम्मं पान कोरं हवं, आणि प्रस्तावाचं नाव असं हवं की फाईल कोणत्या टेबलावर ठेवायची ते शिपायालाही कळावं. हे शिकायला एक दुपार पुरते. आमच्या लोकांना पटवायला अख्खी नोकरी आणि वर दुकानाची वर्षं पुरली नाहीत.

कारण आमच्या भागात पहिलं पान म्हणजे लग्नपत्रिका. सर्वांत वर ग्रामदैवत प्रसन्न. त्याखाली प्रेरणास्थान, फोटोसकट. मग मार्गदर्शक, संकल्पना, अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सल्लागार, विशेष सहकार्य आणि शेवटी समस्त ग्रामस्थ. एक नाव राहिलं तर तो माणूस पुढची निवडणूक होईपर्यंत बोलत नाही. म्हणून आधी नावं मांडायची आणि उरलेल्या जागेत काय मागतोय ते कोंबायचं. एका गटाच्या पानावर मी अशी बावीस नावं बसवली आणि मंडळी खुशीत पान घेऊन गेली. पंधरा दिवसांनी वरून फोन आला, तुम्हाला नेमकं काय हवंय? मी पान काढून बघितलं. त्यांना पिठाची गिरणी हवी होती आणि गिरणी हा शब्द पानावर कुठेच नव्हता. टाइप मीच केलेलं होतं.

फोटोंचा ताप आणखी वेगळा. शेळीपालन गटाचे अध्यक्ष अण्णा मोबाईलमध्ये एक फोटो घेऊन आले. हिरवंगार कुरण, मागे बर्फाचा डोंगर आणि पुढे वासराएवढाल्या पांढऱ्याशुभ्र शेळ्या.

मी म्हटलं, ‘‘अण्णा, ह्या शेळ्या आपल्या नाहीत.’’

‘‘आपल्या न्हाईत म्हनूनच मागतोय ना मॅडम.’’

मी फोटो छापला. मे महिन्यात पाहणीला आलेले साहेब गाडीतून उतरले, चारी दिशांना बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, तो डोंगर कुठल्या बाजूला आहे? अण्णा जराही डगमगले नाहीत. म्हणाले, ‘‘साहेब, उन्हाळ्यात इतळतो त्यो.’’ साहेब पोट धरून हसले, अण्णांकडे जेवले आणि निघून गेले. शेळ्या काही आल्या नाहीत.

जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा महिनाभर लोक जुनी पानं बदलून घ्यायला येत होते. वरचं एक नाव बदलायचं आणि त्या निमित्ताने खाली आणखी दोन घुसवायची, असा सगळ्यांचा बेत. बोलताना मात्र अजून सगळे ‘नगरला जाऊन आलो’ असंच म्हणतात.

आता तांब्याविषयी सांगते. माझ्या टेबलावर पाण्याचा स्टीलचा तांब्या आणि त्यावर पेला असतो. गिऱ्हाईक आलं की आधी पाणी, मग काम. लोक म्हणतात मॅडम फार अगत्याच्या. खरं म्हणजे ती मी घेतलेली परीक्षा असते. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला, वडील शिकले, मी शिकले. तरी शाळेत मला पाणी वरून ओंजळीत ओतलेलंच प्यावं लागायचं आणि ते मी विसरलेले नाही. आता उघड कुणी काही बोलत नाही. आता म्हणतात, ‘नको, आत्ताच पिऊन आलो.’ हे वाक्य ऐकलं की मी त्या माणसाच्या नावावर मनातल्या मनात फुली मारते. काम चोख करून देते, फुली मात्र पुसत नाही.

आमच्या गावात आप्पा आहेत. एका संस्थेचे अध्यक्ष, दुसरीचे सल्लागार, आणि जिथे काहीच जमलं नाही तिथे विशेष सहकार्य. एका बाजाराच्या दिवशी आप्पा दुकानात आले आणि त्यांच्या मागे पदर सावरत चंद्रकलाबाई आली. चंद्रकलाबाई माझ्याच वयाची, साठीला टेकलेली. दूरच्या वस्तीवरून भाजी आणून समोरच्या मैदानात बसायची. बाजारात बसणाऱ्या बायकांनी रीतसर नोंदणी करून एक गट केला होता आणि ती त्याची अध्यक्ष होती. पुण्याचा एक कारखाना गावांमधल्या कामांना निधी देत होता, त्यांच्याकडे गटाला प्रस्ताव पाठवायचा होता. आप्पा अर्थातच मदतीला धावले होते.

मी तांब्या पुढे केला. आप्पा गटागटा प्यायले. चंद्रकलाबाईने तांब्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं आणि मान फिरवली.

‘‘नको मॅडम. आत्ताच पिऊन आलेय.’’

मी फुली मारली.

आप्पा डोळे मिटून सांगू लागले, ‘‘लिहा. नारीशक्ती सन्मान व सर्वांगीण सक्षमीकरण बहुउद्देशीय संकुल.’’

‘‘त्यात काय काय असणार?’’

‘‘सगळंच. वर हॉल, खाली गाळे, पुढं कमान.’’

चंद्रकलाबाई हळूच म्हणाली, ‘‘आप्पा, आमचं ते...’’

‘‘ते हाय की आत. पान एकोणतीस, अनुषंगिक सुविधा. सगळं पहिल्या पानावर बोलायचं नसतं, बाई.’’

‘ते’ म्हणजे काय हे मी विचारलं नाही. एरवी मी खोदून खोदून विचारते. आप्पा, ह्या नावातून कुणालाही काही कळणार नाही, हे पान परत येणार, असं अगदी जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. जिला माझं पाणी चालत नाही तिचं भलं मी का करू, असं सरळसरळ मनात आलं. मी एकोणीस नावं बसवली, प्रेरणास्थानाचा फोटो गोल कापून वर लावला आणि सोनेरी किनार दिली. पान इतकं देखणं झालं की आप्पांनी ते स्टेटसला ठेवलं.

उत्तर यायला वर्ष होत आलं. मधे काही बाजार चंद्रकलाबाईची जागा रिकामी दिसली, तेही मी दुकानातून नुसतं बघितलं. मग एका बाजाराच्या दिवशी ती एकटीच आली. चांगलीच वाळली होती. हातात पाकीट होतं.

‘‘हे आलंय. काय लिव्हलंय बघा बरं. आप्पा म्हनले, वशिला लागतो.’’

पत्रात वशिल्याचं काही नव्हतं. मुखपृष्ठावरून प्रस्ताव नेमका कशासाठी आहे ते कळत नाही, सभागृह आणि गाळे आमच्या निधीत बसत नाहीत, म्हणून परत पाठवत आहोत, एवढंच होतं. वाचताना मला थोडा आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. माझा अंदाज खरा ठरला होता.

मी सवयीने तांब्या पुढे केला. ती उन्हातून आली होती. ओठांना पापुद्रे आले होते. तिने पुन्हा तसंच तांब्याकडे बघितलं.

‘‘नको. आत्ताच पिऊन आलेय.’’

माझा तोल गेला. ‘‘चंद्रकलाबाई, खोटं कशाला बोलता? ओठ बघा तुमचे. आमच्या घरचं पाणी चालत नाही, तर तसं तोंडावर सांगा. मला सवय आहे.’’

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग दुकानात कुणी पुरुष माणूस नाही ना हे बघून तिने खुर्ची जवळ ओढली.

‘‘काय बोलताय बाई तुमी? पानी पेले तर जाऊ कुठं?’’

मला काही कळेना.

‘‘जाऊ कुठं म्हनते. सकाळच्या पारी टेम्पोतनं उतरते, दिवस बुडताना जाते. हितं बायामानसाला आडोसा हाय का कुठं? पुरुष कुटल्याबी भित्तीला हुबं ऱ्हात्यात. आमी काय करायचं? बाजारच्या दिवशी आमी चाळीस बाया पहाटपासनं पानी बंद करतो. कुनी दिलं तर म्हनायचं, आत्ताच पिऊन आले. म्हंजी समोरचा बळंबळं करत न्हाई.’’

‘‘म्हणजे आप्पांना तुम्ही त्या दिवशी सांगत होता, आमचं ते...’’

‘‘त्येच की! आमी मुतारी मागाय गेल्तो. आप्पांनी तिला कमान लावली.’’

तीच पुढे बोलत राहिली.

‘‘मधी मला मुतखडा झाला. नगरला न्हेलं. लई कळा हुत्या, वाटलं आता काय माघारी येत न्हाई. डॉक्टर म्हनला, रोज चार तांबे पानी प्या. म्हनलं, डॉक्टर, एक दिस आमच्या बाजारात बसा आन तुमी पिऊन दावा.’’

एवढं सांगून ती हसली. मला हसता आलं नाही. माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर मागचं दार होतं. बाजाराच्या दिवशी मी त्या दारातून चार वेळा घरी जाऊन यायचे आणि समोर मैदानात चाळीस बायका कोरड्या घशाने भाव ओरडत बसलेल्या असायच्या. इतक्या वर्षांत ह्या बायका जातात कुठे, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी तांब्या घेऊन लोकांच्या परीक्षा घेत बसले होते.

‘‘मला वाटलं, जातीमुळं नको म्हणता,’’ मी म्हटलं.

‘‘सासू माझी न्हाई प्यायची, खोटं कशाला बोलू? लगीन झालं तवा मीबी न्हाई प्यायचे. पर आता त्ये ऱ्हायलं न्हाई बाई. उन्हाचं हितं आले की मला त्यो तांब्याच दिसतो नुसता. कुनाचा हाय त्ये कुठलं दिसतंय!’’

मी तिला मागच्या दाराने घरात नेलं. ती जाऊन आली, तोंड धुतलं, आणि मी पुन्हा पेला भरला. तिने तो हाताने बाजूला सारला.

‘‘मी एकटीच पिऊन बसू व्हय? त्या समद्या तिकडं वाळत्यात. झालं म्हंजी मग पिऊ.’’

पुढच्या बाजाराला मी मागचं दार सगळ्यांना उघडं केलं. पहिल्या दिवशी लाजत लाजत अकरा जणी आल्या. दुसऱ्या बाजाराला पंचवीस आल्या आणि दुपारच्या आत टाकी रिकामी झाली. आमचे हे एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. तोंडाला साबण लावून ते मोरीत अडकले आणि ‘एकेकानं चढा’ म्हणून आतून ओरडले. तिसऱ्या बाजाराला कुणीच आलं नाही. दुसऱ्याच्या घरात किती शिरायचं, असं आपसांत ठरवून त्या पुन्हा पाणी बंद करून बसल्या. काहीही करून मैदानातच त्यांच्या हक्काची जागा व्हायला हवी, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं.

नवं पान करायला चंद्रकलाबाई समोर बसली. मी म्हटलं, ‘‘सांगा, काय नाव देऊ?’’

‘‘बायकांची मुतारी.’’

एवढा अनुभव गाठीशी असून माझी बोटं कीबोर्डवर अडखळली. मी प्रसाधनगृह असं टाइप केलं.

‘‘त्ये काय असतं?’’

‘‘मुतारीच.’’

‘‘मग मुतारी लिव्हा की! मला तेवढं वाचता येतंय. माझं पान हाय, मला तरी कळू द्या.’’

शेवटी पानावर हे आलं: ‘आठवडी बाजारात बसणाऱ्या चाळीस बायकांसाठी मुतारी व संडास. पाणी, दिवा आणि दाराला आतून कडी.’ आतून कडी हे तिचं. मी म्हटलं, इतकं बारीक पहिल्या पानावर लिहीत नाहीत. ती म्हणाली, कडी नसली तर बाकीचं बांधूच नका. त्याखाली गावाचं नाव, गटाचं नाव आणि लागणारी रक्कम आली. संपर्कासाठी तिचाच नंबर टाकला, कारण ती गिऱ्हाइकाचा म्हणून प्रत्येक फोन उचलते.

उरलेल्या निम्म्या पानावर मानकऱ्यांची नावं यायची होती. ती गाळायची माझी हिंमत नव्हती. जागा ग्रामपंचायतीची, ठराव झालेला होता, पण कुणी रुसलं असतं तर तो ठराव कपाटातच राहिला असता. म्हणून आम्ही दोघी पान घेऊन घरोघर निघालो. मला खरंच धाकधूक होती, कारण हे पान पुन्हा परत आलं असतं तर त्या बायकांचं आणखी एक वर्ष तसंच गेलं असतं.

आधी आप्पा. आप्पांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

‘‘मॅडम, ह्याच्याखाली माझं नाव टाकणार? संकल्पना म्हणून?’’

‘‘पद्धत आहे, आप्पा.’’

‘‘मुतारीची संकल्पना?’’ आप्पांचा आवाज बारीक झाला. ‘‘लोक काय म्हणतील? नको. गट बायकांचा हाय, त्यांचंच नाव असू द्या. मी आपला पाठीमागं हायच.’’

‘‘आणि प्रेरणास्थानाचा फोटो?’’

‘‘डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? साहेबांचा फोटो मुतारीवर लावता?’’

मार्गदर्शक म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक होते. ते म्हणाले, मी नेमकं कशाचं मार्गदर्शन केलं असं उद्या कुणी विचारलं तर? सल्लागारांनी आपण सध्या फार कामात आहोत असं सांगितलं. ते तेव्हा ओट्यावर बसून दाढ कोरत होते. उपसरपंचांच्या बायकोने पान वाचलं, तोंडाला पदर लावला आणि आतूनच ओरडली, ‘‘ह्यांचं नाव अजिबात नका टाकू!’’ विशेष सहकार्याचे दोघं दारच उघडेनात. दुपार कलेपर्यंत एकोणीसच्या एकोणीस नावं आपापल्या पायांनी पानावरून उतरली होती आणि कुणीही रुसलं नव्हतं. परत येताना चंद्रकलाबाई आणि मी रस्त्याच्या कडेला थांबून इतकं हसलो की जाणारी एक जीप थांबून चौकशी करून गेली. निम्मं पान कोरं राहिलं होतं. जन्मभर मी लोकांना जे सांगत आले, ते त्या एका शब्दाने एका दुपारात करून दाखवलं.

प्रस्ताव पुण्याच्या त्याच कारखान्याकडे गेला आणि दोन महिन्यांनी, नेमका बाजाराच्या दिवशी, चंद्रकलाबाईचा फोन वाजला. त्या वेळी मी मेथी घ्यायला तिच्यासमोरच उभी होते.

‘‘बोला, मेथी धाला जुडी!’’ ती फोनमध्ये ओरडली. मग जरा ऐकलं. ‘‘व्हय, माझाच हाय. मुतारीचा. तुमी बांधनार हाय का? बांधनार असला तर बोला, न्हाईतर ठिवा, गिऱ्हाईक हुबं हाय.’’

माझ्या हातातली जुडी खाली पडली. तिने फोन कानाला धरून आणखी थोडं ऐकलं, दोनदा व्हय म्हणाली आणि फोन कमरेला खोचला.

‘‘काय म्हणाले?’’

‘‘मंगळवारी जागा बघाय येत्यात. म्हनले, पान बघूनच फोन केला. आन फोनवरच्या बाईनं इचारलं, आतून कडी असं का लिव्हलंय.’’

‘‘मग?’’

‘‘म्हनलं, तुमी बाईमानूस हाय न्हवं? मग इचारता कशाला?’’

मंगळवारी त्या बाई आल्या, बाजाराच्या मैदानात फिरल्या आणि माझ्या मागच्या दाराने आत जाऊन आल्या. महिनाभरात मंजुरीचं पत्र आलं आणि पावसाळ्याआधी बांधकाम उभं राहिलं.

कोनशिला बसली त्या दिवशी मी वाचायला गेले. तिच्यावर तेवीस नावं होती. पानावरून उतरलेली एकोणीस सगळी परत आली होती आणि वाटेत आणखी चार घेऊन आली होती. मुतारी हा शब्द मात्र दगडावर कुठेच नव्हता. वर ‘महिला सुविधा केंद्र’ आणि खाली ‘संकल्पना’ म्हणून आप्पा. चंद्रकलाबाईचं नाव नव्हतं. मी चिडले. आप्पांना बोलायला निघाले तर तिने माझा हात धरला.

‘‘जाऊ द्या बाई. नावं भाईर हायत, कडी आत हाय.’’

आप्पांनी फीत कापली, भाषण केलं, नारळ फोडला. प्रत्यक्ष उद्घाटन चंद्रकलाबाईने केलं, आणि आतून कडी लावल्याचा खट्ट आवाज झाला तेव्हा बाहेर रांगेतल्या बायकांनी आप्पांच्या भाषणाला वाजवल्या नव्हत्या इतक्या टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरच्या बाजाराला, ऐन दुपारी, ती दुकानात आली. काही काम नव्हतं. खुर्चीवर बसली आणि पदराने वारा घेऊ लागली. मला राहवेना. ते पहिलं, सोनेरी किनारीचं पान माझ्या मनात रुतून बसलं होतं.

‘‘चंद्रकलाबाई, मला तुम्हाला एक सांगायचंय.’’

‘‘आदी पानी द्या.’’

मी पेला भरला. तिने पेला तसाच ठेवला, तांब्या उचलला, मान मागे टाकली आणि अर्धा तांब्या एका दमात संपवला. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी पदराने पुसलं.

‘‘हां. बोला आता.’’

मी सांगितलं. पहिल्या वेळी ते पान परत येणार हे मला दिसत होतं, मी मुद्दाम बोलले नाही, आणि का बोलले नाही तेही सांगितलं. तुमचं एक वर्ष आणि तो मुतखडा ह्यात माझाही वाटा आहे, असं म्हटलं. हे बोलताना मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून मी कीबोर्डकडे बघत बोलत होते. माझं बोलणं संपलं. बाहेर कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं. ती उठून जाईल असं मला वाटलं, आणि ती गेली असती तर मला काही म्हणता आलं नसतं.

तिने तांब्या पुन्हा तोंडाला लावला, उरलेलं सगळं पाणी सावकाश संपवलं आणि रिकामा तांब्या माझ्यासमोर ठेवला.

‘‘भरून आना,’’ ती म्हणाली. ‘‘आजूक तहान हाय.’’